भजी पाचव्या मिनिटाला मऊ का पडतात?

तळणीकार

पावसाळा लागला की पाककृती विभागात तेच चार प्रश्न फिरून फिरून येतात. भज्यांत तांदळाचं पीठ किती, कॉर्नफ्लोअर चालेल का, सोडा घालायचा की कडकडीत तेल. उत्तरंही ठरलेली: 'चिमूटभर', 'अंदाजाने', 'आमच्या सासूबाई घालायच्या'. माझं म्हणणं असं की घटकांची यादी जरा बाजूला ठेवू आणि पाण्याचा माग काढू. पदार्थात पाणी किती होतं, ते कुठून निघालं, परत कुठून आलं. बहुतेक भानगडी तिथेच उलगडतात.

कुरकुरीत होण्यासाठी दोन गोष्टी घडाव्या लागतात आणि त्या याच क्रमाने. आधी पिठातला स्टार्च पाण्यासोबत तापून फुगावा लागतो. तांदळाचा स्टार्च साधारण ६५ ते ८० अंश सेल्सिअसला फुगतो. मग त्यातलं जवळजवळ सगळं पाणी काढून घ्यावं लागतं. पाणी गेलं आणि पदार्थ निवला की स्टार्चचे लांबलचक रेणू जिथे असतील तिथेच थिजतात. याला काच-अवस्था म्हणतात. अशा भिंतीवर दात दाबला की ती वाकत नाही, तडकते. पाणी पुन्हा आत शिरलं की रेणूंना सरकायला वाव मिळतो आणि तीच भिंत वातड होते. कच्च्या बटाट्यात सुमारे ८० टक्के पाणी असतं, चांगल्या वेफरमध्ये जेमतेम २ टक्के. फरक किती आहे बघा.

आता कढईकडे या. तेल १७०-१८० अंशांवर असतं, पण पदार्थाचा ओला भाग १०० अंशांच्या वर जात नाही, कारण तिथलं पाणी उकळत असतं. आपल्याला दिसणारे बुडबुडे तेलाचे नसतात, ती बाहेर पडणारी वाफ असते. कवच कोरडं होत जातं तसे बुडबुडे बारीक आणि कमी होतात, तळणीचा आवाजही बदलतो. जुन्या बायका कान देऊन तळतात ते उगाच नाही.

बहुतेकांना पटत नाही अशी एक गोष्ट: तेल मुख्यतः तळताना आत शिरत नाही, बाहेर काढल्यावर शिरतं. तळताना वाफ बाहेरच्या दिशेने ढकलत असते. पदार्थ बाहेर काढला की कवचातली वाफ निवते, तिथला दाब उतरतो आणि पृष्ठभागावर लागलेलं तेल आत ओढलं जातं. म्हणून झारा कढईच्या काठावर झटकायचा तो लगेच, पदार्थ वाफाळता असताना. मिनिटभराने टिश्यू पेपरवर टिपून फारसं काही हाती लागत नाही.

एक हिशेब मांडून बघा. कढईत १ लिटर तेल आहे आणि तुम्ही सोडलेल्या घाण्यातून ५० ग्रॅम पाण्याची वाफ व्हायची आहे. १ ग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे २,२६० ज्यूल उष्णता लागते, म्हणजे ५० ग्रॅमला १ लाख १३ हजार. ही सगळी तेलातूनच काढली तर तेल ५०-६० अंशांनी खाली येईल. गॅस भरपाई करत असतो, पण घरच्या शेगडीची धाव ती केवढी! एकदम कढईभर भजी सोडली की ती तळली न जाता कोमट तेलात शिजत बसतात. 'तेल फार पितात' ही तक्रार तिथूनच सुरू होते.

आणि पाचवं मिनिट? कवच कोरडं, आत कांदा ओला. पाणी ओल्याकडून कोरड्याकडे सरकतंच, ते कुणाला चुकलेलं नाही. वडापावच्या गाडीवरचा चुरा आठवा. पीठ तेच, तेल तेच, कढई तीच. पण वड्याच्या पोटात बटाट्याची ओली भाजी आहे आणि चुऱ्याला पोटच नाही, म्हणून वडा मऊ पडल्यावरही चुरा कुरकुरीत असतो.

तुमचे अनुभव आणि भांडणं येऊ द्या.

टवाळ

एकही फोटो नाही. भजी झालीच नाहीत असं गृहीत धरण्यात येत आहे.

जाई-जुई

लेख आवडला, पण सरळ सांगा ना, कांदाभजी करताना नेमकं काय करायचं? आमच्याकडे पहिला घाणा मस्त होतो आणि सगळे टेबलाशी बसेपर्यंत त्याची पार रया जाते.

तळणीकार

@जाई-जुई, कांदा उभा आणि पातळ चिरा. जाड काप म्हणजे आत जास्त पाणी आणि ते बाहेर यायला जास्त वेळ. मीठ चोळून दहा मिनिटं ठेवा, कांद्याला सुटेल तेवढ्या पाण्यातच बेसन कालवा, वरून पाणी घालू नका. कांद्याला जेमतेम चिकटेल एवढंच पीठ हवं. बेसनाच्या पाव हिस्सा तांदळाचं पीठ घाला. बेसनात २० टक्क्यांच्या वर प्रथिनं असतात, त्यांनी रंग आणि खमंगपणा येतो, पण निव्वळ बेसनाचं कवच लवकर नरमतं. तांदळाचं पीठ बहुतांशी स्टार्च, ते कडकडीत थिजतं आणि तेलही कमी पितं. गोळे वळू नका, बोटांनी विस्कटून सोडा. खेकडा भजी जास्त वेळ टिकतात ती त्या पायांमुळे. तिथे सगळा पृष्ठभागच असतो, गाभा नसतोच.

आणि काढल्यावर पेपर घातलेल्या ताटात ढीग करू नका. खालच्या भज्यांची वाफ वरच्यांना लागते आणि पेपरही घामेजतो. चाळणीत किंवा जाळीवर एकेरी पसरा. भज्यांवर झाकण तर चुकूनही नको.

निवांतराव

कृतीतून सोडा वगळून त्याला उगाच बदनाम करू नका राव. आमच्याकडे सोड्याशिवाय भजी होत नाहीत आणि बरी होतात.

तळणीकार

निवांतराव, सोड्याशी माझं वैर नाही. तापला की तो कार्बन डायऑक्साइड सोडतो, पिठात पोकळ्या होतात, भिंती पातळ होतात. पातळ भिंत लवकर कोरडी होते, इथपर्यंत फायदाच. पण सोडा अल्कधर्मी आहे, त्याने रंग लवकर चढतो. आत ओल शिल्लक असताना भजं वरून तांबूस दिसतं आणि आपण ते काढून घेतो. शिवाय पोकळ्या फार झाल्या की तेल शिरायला जागाही तेवढीच वाढते. गोल, फुगीर भज्यांना चिमूट घाला. खेकडा भज्यांना गरज नाही.

निवांतराव

आमची गोलच असतात. मग ठीक आहे.

शेवंतीआजी

छान लिहिलंयस. मी चकलीबद्दल सांगते, कारण दिवाळीच्या आधी मला याच प्रश्नाचे फोन येतात.

आमची भाजणी ४ वाट्या तांदूळ, २ वाट्या हरभऱ्याची डाळ, १ वाटी उडदाची डाळ, अर्धी वाटी मुगाची डाळ, धणे आणि जिरे. सगळं वेगवेगळं भाजायचं, मंद आचेवर. डाळ आतपर्यंत भाजली गेली पाहिजे, नुसती वरून लाल नको. मोहन कडकडीत घालायचं आणि पिठाला चोळून घ्यायचं. मुठीत दाबलं की मुटका राहिला पाहिजे आणि बोटाने टिचकी मारली की फुटला पाहिजे. मोहन कमी झालं तर चकली दात पाडते. जास्त झालं तर तेलात सोडल्यावर मोडते, सगळ्या तेलात कणी पसरते आणि तो घाणा वाया.

उकळतं पाणी घालून पीठ झाकून ठेवायचं, मग मळायचं. थंड पाण्यात भिजवलं की सोऱ्यातून काटे येतात पण चकली तुटते.

आणि दुसऱ्या दिवशी मऊ पडते म्हणतात ना, ती घाईने तळलेली असते. मोठ्या आचेवर बाहेरून लाल होते, आत कच्ची राहते. पहिल्या दिवशी कुणाला कळत नाही. मध्यम आच ठेवा आणि बुडबुडे थांबेपर्यंत काढू नका.

तळणीकार

आजी, शेवटच्या परिच्छेदासाठी दंडवत. शास्त्राच्या भाषेत त्याला ओलाव्याचं पुनर्वाटप म्हणतात. चकलीच्या गाभ्यात थोडं जास्त पाणी अडकलेलं असतं, कवचात जवळजवळ नसतं. रात्रभरात दोन्ही सारखे होतात, म्हणून डबा कितीही घट्ट असला तरी चकली नरमते. पाणी बाहेरून आलेलंच नसतं, घरातलंच असतं.

मोहनाबद्दल थोडी भर. तेल पिठाच्या कणांवर चढतं आणि तिथे पाणी पोचू देत नाही. त्यामुळे सगळं पीठ एकसंध होऊन एकच दगड बनत नाही, मध्येमध्ये कमकुवत जागा राहतात आणि दात तिथून फोडतो. गार तेल कणांवर नीट पसरत नाही, गरम पातळ असतं म्हणून सगळीकडे पोचतं. उकळत्या पाण्याने थोडा स्टार्च तिथल्या तिथे फुगतो आणि पिठाला चिकटपणा येतो. भाजणीत गहू नसल्यामुळे ग्लूटेन, म्हणजे गव्हातल्या प्रथिनांचं चिवट जाळं, नाही, ते काम या फुगलेल्या स्टार्चला करावं लागतं. म्हणजे उकड बांधून ठेवते आणि मोहन सोडवतं, दोघांच्या ओढाताणीतून चकली होते.

रेवा_के

आजी, अनारसे तुपात हसतात, म्हणजे फुटून पसरतात, त्याचंही कारण हेच का?

शेवंतीआजी

नाही गं. तो गूळ किंवा साखर जास्त झाल्याचा गुण. साखर वितळते आणि पीठ धरून राहत नाही. त्यात आणखी तांदळाचं पीठ मिसळून ठेवायचं. अनारशाचा वेगळा धागा काढ, इथे नको.

कुडाळचा_बंड्या

सगळे पीठच चिवडत बसलेत, माशाचं नाव कोण घेणार? बोंबील घ्या. ताज्या बोंबलात ८५ ते ९० टक्के पाणी, सुरमईत ७५ च्या आसपास. म्हणून सुरमईचा तुकडा कुणालाही जमतो आणि बोंबलाचा लगदा होतो.

पोटाकडून चिरून उघडायचा, मधला काटा काढायचा, मीठ लावून दोन ताटांच्या मध्ये ठेवायचा आणि वर वरवंटा. तासाभरात ताटात किती पाणी साचतं ते बघून थक्क व्हाल. तेवढं पाणी तव्यावर काढायला गेलात तर मासा गळून जाईल, रव्याला रंगही येणार नाही. मग हळद, तिखट, आलं-लसूण, कोकमाचं आगळ. बारीक रवा आणि तांदळाचं पीठ मिसळून त्यात घोळवला की थेट तव्यावर. घोळवून ठेवलेला मासा फुकट. रवा ओल पितो, त्याची पेस्ट होते आणि ती तव्याला चिकटते.

उलटायची घाई नको. कडा सुटेपर्यंत हात लावायचा नाही. कवच सुकलं की ते आपणहून सुटतं.

जाई-जुई

रव्याने खास काय होतं? ब्रेडक्रम्स चालणार नाहीत का?

कुडाळचा_बंड्या

चालतील, पण मग ते कटलेट झालं. रव्याचा कण जाड, कोरडा, टणक. कणांच्या फटीतून वाफ बाहेर पडते. नुसतं तांदळाचं पीठ लावलं तर पापुद्रा होतो, वाफ त्याच्याखाली कोंडते आणि तो सुटून येतो. दोन्ही मिसळले की काम होतं.

विदर्भवासी

तळण्याच्या गप्पांत वाळवण राहिलं. माझ्या मते कुरकुरीतपणाची सगळ्यात अवघड परीक्षा कुरडई आहे, कारण तिथे तेलाचं काम शेवटचे काही सेकंदच. बाकी सगळं उन्हाचं आणि मे महिन्याचं.

गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं. वाटून गाळायचा, पाणी निवळू द्यायचं, वरचं पाणी ओतून टाकलं की खाली पांढराशुभ्र चीक. तो उकळत्या पाण्यात घालून शिजवायचा, पारदर्शक होईपर्यंत घोटायचा. इथे हात दुखतात आणि इथेच बहुतेक कुरडया बिघडतात. चीक कच्चा राहिला तर कुरडई तळताना फुलत नाही, टणक राहते. मग गरम असतानाच सोऱ्यातून घालायची आणि कडक उन्हात वाळवायची.

तळणीकारांनी क्रम सांगितला तोच इथे लागू होतो, आधी फुगवा मग वाळवा. फक्त मध्ये दोन दिवसांचं ऊन आलं. वाळलेल्या कुरडईत थोडं पाणी उरतं आणि तेच तिला फुलवतं. कडक तेलात पडली की काचेसारखा टणक स्टार्च क्षणात लवचीक होतो, त्याच क्षणी आतल्या पाण्याची वाफ होते. पाण्याची वाफ झाली की ते सुमारे १,७०० पट जागा मागतं. लवचीक भिंती ताणल्या जातात, पाणी निघून जातं, भिंती तिथेच पुन्हा थिजतात. डोळ्यांदेखत चार-पाच सेकंदांत सगळं. तेल कोमट असेल तर भिंत मऊ होण्याआधीच पाणी हळूहळू निसटून जातं, फुलवायला उरतं काय?

पापड विस्तवावर भाजताना, साबुदाण्याची चकली तळताना, अगदी कुरमुरे गरम वाळूत फुटताना हीच हकीकत. कुरमुऱ्याचा तांदूळही आधी उकडलेला असतो. कच्च्या तांदळाचे कुरमुरे होत नाहीत.

टवाळ

वाचनखूण साठवली. विदर्भवासी, कुरडईचा फोटो तरी?

विदर्भवासी

डबा उघडला की सांगतो. उघडल्यावर फोटो निघेपर्यंत काही शिल्लक राहत नाही.

शंकासुर

तुम्ही सगळे जिभेबद्दल बोलताय, पण कुरकुरीत कानाला लागतं. २००४ साली ऑक्सफर्डमध्ये मासिमिलिआनो झांपिनी आणि चार्ल्स स्पेन्स यांनी लोकांना मायक्रोफोनसमोर बटाट्याचे चिप्स चावायला लावले आणि त्यांच्याच चावण्याचा आवाज हेडफोनमधून परत ऐकवला. आवाज, विशेषतः २ किलोहर्ट्झच्या वरचा, वाढवून ऐकवला की तोच चिप्स लोकांना जास्त कुरकुरीत आणि ताजा वाटायचा. दाबला की शिळा. २००८ मध्ये या कामाला इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं. मग पाण्याचा एवढा पाठलाग कशाला? हेडफोन घालून शिळं फरसाण खावं.

तळणीकार

शंकासुर, प्रयोग खराच आहे आणि मजेदार आहे. पण हेडफोनला वाढवायला मुळात आवाज हवा ना! तो येतो भिंत तडकण्यातून. एका घासात शेकडो बारीक भिंती पाठोपाठ तडकतात आणि प्रत्येकीचा छोटा आवाज होतो. सादळलेल्या चिवड्यात भिंती वाकतात, तडकत नाहीत. तिथे कितीही आवाज वाढवलात तरी ऐकू येईल ते चघळणंच.

शंकासुर

मान्य, पण पूर्ण नाही. शंकरपाळीचं काय? ती तडकत नाही, भुरभुरते, आणि तरी मऊ म्हणत नाही कुणी.

रेवा_के

@शंकासुर, ती मोहनाची करामत. शंकरपाळ्यात मैदा असतो, मैद्यात ग्लूटेन. तूप भरपूर घातलं की ग्लूटेनचे धागे लांब होतच नाहीत, तुकडे तुकडे राहतात. आजींनी चकलीबद्दल सांगितलं तेच, फक्त इथे मोहन जिंकतं. करंजीला साटा लावतात तोही तूप आणि तांदळाचं पीठ फेसून, पापुद्रे एकमेकांना चिकटू नयेत म्हणूनच.

मिनेसोटाकाकू

आमच्याकडे जानेवारीत हीटर चालू असतो आणि घरातली हवा इतकी कोरडी की चिवड्याचा डबा उघडा राहिला तरी दुसऱ्या दिवशी तसाच कुरकुरीत. मुंबईहून आलेल्या नणंदेला खरंच वाटेना. आमच्याच मिनेसोटा विद्यापीठातले थिओडोर लबुझा हे या विषयातले मोठे नाव. त्यांनी आणि ई. ई. कात्झ यांनी १९८१ मध्ये चिप्स, पॉपकॉर्न, क्रॅकर वगैरे तपासून दाखवलं की पदार्थातली जलसक्रियता (मोकळं पाणी किती, याचं ० ते १ असं माप) ०.३५ ते ०.५० च्या टप्प्यात आली की त्याचा कुरकुरीतपणा जातो. व्यवहारात त्याचा अर्थ असा: भोवतालच्या हवेची आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर असेल तर उघडं ठेवलेलं फरसाण आज ना उद्या मऊ पडणारच. जुलैत मुंबईची आर्द्रता ८० च्या वरच असते. मग तुमचा डबा काय करणार? मेच्या दुपारी नागपुरात ती २०-२५ वर येते, म्हणून विदर्भवासींच्या कुरडया टिकतात. आमचं जानेवारीतलं घर म्हणजे आर्द्रतेपुरतं नागपूरच, बाहेर उणे वीस असेना का.

विदर्भवासी

काकू, नागपूरला मिनेसोटाच्या पंक्तीत बसवल्याबद्दल धन्यवाद. मे महिन्यात एकदा या म्हणजे फरक कळेल.

नवी_गृहस्थी

एअर फ्रायर घेतलाय. कोथिंबीर वडी छान होते, पण कांदाभजी केली तर पीठ जाळीतून खाली गळलं आणि उरलेलं पुरीसारखं चिवट झालं. कुणी यशस्वी केलीय का?

तळणीकार

@नवी_गृहस्थी, एअर फ्रायर म्हणजे पंखा लावलेली छोटी भट्टी. हवा पदार्थाला तेलाइतकी झपाट्याने उष्णता देऊ शकत नाही. तेलात ओलं पीठ पडल्या पडल्या कवच धरतं, हवेत ते आधी वाहतं, मग सावकाश सुकतं. कोथिंबीर वडी जमते कारण ती उकडलेली आहे. स्टार्च आधीच फुगून बसलाय, यंत्राला फक्त वरचं पाणी काढायचं आहे. तसंच अळूवडी, उकडलेल्या बटाट्याच्या फोडी, गोठवलेले कटलेट. वरून तेलाचा हलका हात मात्र लावा, नाहीतर कवच खडूसारखं कोरडं लागतं. ओल्या पिठाच्या भज्यांसाठी कढईच.

आंबेगावकर

बटाट्याच्या वेफर्सचा प्रश्न आला नाही म्हणून मीच टाकतो. दुकानातून आणलेले बटाटे घरी तळले की काळपट तांबडे होतात आणि कडवटही लागतात. दोष तेलाचा नाही, बटाटा थंडीत राहिल्याचा आहे. ४-५ अंशांवर बटाट्यातला स्टार्च साखरेत बदलायला लागतो आणि ती साखर तळताना प्रथिनांबरोबर झपाट्याने रंग धरते. म्हणजे वेफर सुकायच्या आतच करपतो. रंगाला भिऊन लवकर काढला तर मऊ. दोन्हीकडून मार.

चिप्स कारखान्यांना म्हणून कमी साखरेचे बटाटे लागतात. शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने १९९८ मध्ये कुफरी चिप्सोना १ आणि २ हे वाण त्यासाठीच आणले. आमच्या सातगाव पठारावरचा खरिपाचा बटाटाही बराचसा चिप्ससाठीच जातो. घरी एवढंच करा: बटाटे फ्रिजमध्ये ठेवू नका. काप करून दोन-तीन पाण्यांत धुवा, वरचा सुटा स्टार्च आणि थोडी साखर निघून जाते. मग कापडावर नीट कोरडे करून तळा.

रेवा_के

उपासाच्या वाळवणाच्या वेफर्सना आई तुरटीच्या पाण्यात टाकते, त्याचं कारण?

आंबेगावकर

तुरटीने काप घट्ट राहतात, उकळताना मोडत नाहीत आणि काळेही पडत नाहीत. चिमूटभरच मात्र, नाहीतर तुरट लागतात.

मिनेसोटाकाकू

आता माझा खरा प्रश्न. दिवाळीला भावाकडून पातळ पोह्यांचा चिवडा कुरियरने येतो. पाकीट हवाबंद, तरी इथे पोचेपर्यंत नरम. बाहेरची हवा आत गेलेली नाही, मग?

शेवंतीआजी

बेदाणे घातले होते का?

मिनेसोटाकाकू

भरपूर. आणि ओल्या मिरच्यांचे तुकडे.

शेवंतीआजी

मग तेच. मिरची आणि कढीपत्ता फोडणीत चुरचुरीत होईपर्यंत तळायचा, हाताने मोडला पाहिजे. घाईत ओलसर मिरची राहिली की सगळा चिवडा सादळतो. बेदाणे वेगळ्या पुडीत पाठवायला सांग. पिठीसाखर चालते, गुळाचं काही त्यात नको. पोहे आधी उन्हात वाळवायचे किंवा मंद आचेवर भाजायचे. आच मोठी झाली तर ते आकसतात. आणि चिवडा पूर्ण निवल्याशिवाय पाकीट बंद करायचं नाही, नाहीतर आतल्या आत घाम सुटतो.

तळणीकार

आजींचा प्रत्येक मुद्दा बरोबर. बेदाण्यातलं पाणी बंद पाकिटात जायला पोह्यांशिवाय दुसरी जागाच नाही. मीठही ७५ टक्क्यांच्या वर आर्द्रता गेली की पाणी ओढतं, गूळ तर त्याच्या बराच आधी. म्हणून चिक्की पावसाळ्यात चिकट होते आणि खारे दाणे थोडे जास्त दिवस टिकतात.

जाई-जुई

आणि ज्याचं होऊन गेलंय त्याचं काय? सादळलेला चिवडा मायक्रोवेव्हमध्ये फिरवला तर आणखीच वातड झाला, एवढं मी स्वतः पाहिलंय.

तळणीकार

मायक्रोवेव्ह पाणी तापवतो, पण आजूबाजूची हवा गार राहते. वाफ वाडग्यातच घुटमळते आणि पोह्यांवर परत बसते. कढईत किंवा भट्टीत पसरून तापवा. भट्टी असेल तर १००-११० अंश, आठ-दहा मिनिटं, दार किंचित उघडं. बेदाणे आधी वेचून काढा, ते कडक होतात. गरम असताना चाखून निकाल लावू नका, तेव्हा तो मऊच लागेल. ताटात पातळ पसरून निवू द्या, मग चाखा.

मिनेसोटाकाकू

भट्टी लावली आहे. बेदाणे वेचायला नवऱ्याला बसवलंय, तो निम्मे खातोय.